ठासणीच्या बंदुकीची निगा

समीक्षकाने आपले मत 'ठासून' मांडले, असे आपण सहज लिहून जातो. गाजावाजा करून आलेले पुस्तक निराशा करून गेले, की तो 'फुसका बार' ठरतो. धुमसत्या वादाला कोणी 'बत्ती देतो', कोणी स्वतः नामानिराळा राहून 'दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक' ठेवतो, आणि मुलीचे लग्न उरकल्यावर बापाने एकदाचा 'बार उडवला' असे शेजारी म्हणतात. हे सगळे शब्दप्रयोग दारूने उडणाऱ्या हत्यारांच्या परिसरातून आले आहेत, आणि त्यांतले पहिले दोन तर तोंडाकडून भरल्या जाणाऱ्या बंदुकीच्या नळीतूनच थेट आपल्या भाषेत उतरले आहेत. हे शब्द शिकवताना आम्हांला वर्गात एक अनुभव वारंवार येतो. अर्थ सर्वांना ठाऊक असतो, वस्तू कोणालाच ठाऊक नसते. फुसका बार म्हणजे फसलेली गोष्ट, हे विद्यार्थी तत्काळ सांगतात. पण बार फुसका होतो तो नेमका कशाने, या प्रश्नावर वर्ग गप्प होतो. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर शिकवणाराही पूर्वी गप्पच होत असे.

हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा असता तर त्यासाठी लेख लिहिण्याचे कारण नव्हते. आमचे म्हणणे असे, की या अज्ञानामागे इतिहास वाचण्याची एक सवय आहे. बंदूक उडते तो क्षण इतिहासात येतो. ती पुन्हा उडावी म्हणून कोणीतरी रात्री बसून तिची नळी धुतली, ही गोष्ट इतिहासाबाहेर राहते. बखरी आणि पोवाडे बाराचा आवाज ऐकवतात. त्या आवाजानंतर नळीत उरलेली काजळी त्यांत दिसत नाही. या काजळीची हकीकत आम्ही येथे मांडू पाहतो, आणि तीही बालाघाटाच्या डोंगररांगेवर व तिच्या पायथ्याशी पसरलेल्या बीड जिल्ह्याच्या आसऱ्याने. कारण मराठी इतिहासातल्या दोन मोठ्या लढायांपैकी एक या जिल्ह्यात आणि दुसरी त्याच्या उंबरठ्यावर झाली, आणि दोन्ही लढाया वाचताना ही हकीकत उपयोगी पडते.

प्रथम वस्तू समजून घेऊ. ठासणीच्या बंदुकीला मागून उघडण्याची सोय नसते. नळीचे मागचे टोक कायमचे बंद असते. जे काही आत जायचे ते पुढच्या तोंडातूनच. शिपाई बंदूक उभी धरतो, मापाने दारू ओततो, तिच्यावर चिंधी किंवा कागद बसवतो, मग शिशाची गोळी सोडतो आणि लांब गजाने हे सारे तळापर्यंत ठासतो. यावरूनच तिचे नाव ठासणीची. नळीच्या मागच्या टोकाशी बाजूला एक बारीक छिद्र असते, त्याला काना म्हणतात. कान्याजवळच्या खोलगट जागी थोडी बारीक दारू ठेवतात. तिचे नाव रंजक. जळता तोडा, चकमकीची ठिणगी किंवा पुढच्या काळातली आघाताने पेटणारी टोपी यांपैकी एकाने आग लागते, ती कान्यातून आत जाते आणि बार उडतो. मराठीत 'बार' हा शब्द आत भरलेल्या ऐवजालाही लागतो आणि त्याच्या उडण्यालाही. म्हणून बार भरतातही आणि बार उडतोही. रंजक भुरकन जळून गेली आणि आतली दारू पेटलीच नाही, किंवा पेटली पण तिचा जोर वाया गेला, की बार फुसका.

आता या फसण्याची कारणे पाहू, कारण निगेचा सारा व्यवहार तेथेच आहे. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण; प्रमाण स्थूलमानाने ७५, १५ आणि १०. ही दारू जळते तेव्हा तिचा सगळा वायू होत नाही. वजनाचा निम्म्याहून काहीसा अधिक भाग घन स्वरूपातच उरतो. त्यातला काही धुरावाटे बाहेर पडतो आणि बाकीचा नळीच्या आतल्या अंगाला चिकटतो. ही काजळी साध्या धुरकटीसारखी नसते. तिच्यात पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतले पाणी शोषून घेतात. कोरड्या हवेत ती कडक पापुद्र्यासारखी जमते. दमट हवेत चिकट होते आणि लोखंडाला गंज आणू लागते. दोन्ही अवस्थांत परिणाम एकच होतो. प्रत्येक बारागणिक नळी आतून अरुंद होत जाते, पहिली गोळी सुखाने उतरते, पुढची रेटावी लागते, आणि काही बारांनंतर गज हातात अडतो.

गज अडला म्हणजे केवळ वेळ गेला असे नाही. गोळी अर्ध्या वाटेत अडकून दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहिली, आणि त्याच अवस्थेत बार उडवला, तर नळी फुगते किंवा फुटते. म्हणून जाणता माणूस गजावर खूण करून ठेवतो. नळी रिकामी असता गज किती आत जातो याची एक खूण, आणि योग्य बार भरला असता किती आत जातो याची दुसरी. खुणेपाशी गज थांबला नाही तर बंदूक उडवायची नाही. 'ठासून' या शब्दातला ठामपणा येथून आलेला आहे. गोळी तळाशी बसली आहे याची हाताला पटलेली खात्री म्हणजे ठासणे; त्यात आवाजाचा वाटा काही नाही. आपल्या वाङ्मयीन वादांत ठासून बोलणारे पुष्कळ असतात, पण गजावरची खूण पाहणारे थोडेच, एवढे जाता जाता म्हणायला हरकत नाही.

साफसफाईची रीत या सगळ्यावरून आपोआप ठरते. काजळीतले क्षार पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. म्हणून पहिले काम पाण्याचे. प्रथम बंदूक खरोखर रिकामी आहे ना, हे गजाच्या खुणेवरून पाहायचे. मग काना बंद करून नळीत गरम पाणी ओतायचे, गजाच्या टोकाला चिंधी गुंडाळून वरखाली फिरवायची, काळे पाणी ओतून द्यायचे आणि निवळ पाणी येईपर्यंत हेच पुन्हा करायचे. गरम पाण्याचा गुण असा, की लोखंड तापते आणि नंतर लवकर कोरडे होते. कान्यात बारीक सुई घालून तो मोकळा करायचा, कारण नळी आरशासारखी असली तरी काना बुजलेला असेल तर बार फुसकाच. मग कोरड्या चिंध्या, आणि शेवटी तेलाचा पातळ हात. तेलाची निवडही विचाराची आहे. जवसाचे आणि करडईचे तेल हवेत हळूहळू वाळून चिकट थर धरते. लाकडी दस्त्याला तो थर हितकारक, पण नळीला तो नवी काजळीच. ज्या मुलखात करडई हे घरचे पीक आहे, तेथे हा फरक जाणणे म्हणजे बंदूक जाणणे होते. आणि पुन्हा भरण्याआधी नळीतले तेल कोरड्या चिंधीने काढून टाकायचे, हे सर्वांत विसरले जाणारे काम. तेलकट नळीत ओतलेली दारू भिजते आणि अतिकाळजीनेही बार फुसका होऊ शकतो.

हा मजकूर वाचून साहित्याच्या वाचकाला वाटेल, की यात मराठी वाङ्मयाचा संबंध कोठे येतो? तो येतो आज्ञापत्रात. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी सिद्ध झालेला हा ग्रंथ आपण राजनीतीचा म्हणून शिकवतो, आणि बहुधा त्यातले राजधर्माचे व आरमाराचे उतारे निवडतो. दुर्गांच्या प्रकरणात मात्र तोफा आणि दारूखाना यांच्या निगेचे जे तपशील आहेत, त्यांवर आपली नजर फारशी थांबत नाही. पावसाळ्याआधी तोफांना तेल-मेण द्यावे, कान्यांत मेण भरावे, त्यांवर आच्छादन करावे. दारूखाना वस्तीपासून दूर असावा. दारू व बाण वेळच्या वेळी बाहेर काढून उन्हात द्यावे, असा त्या सूचनांचा आशय आहे. तोफेच्या कान्यात मेण भरणे हे एवढेसे काम. पण राज्य चालवण्याच्या ग्रंथात ते लिहावेसे वाटले, यातच त्या लेखकाची थोरवी आहे. ज्याने गड राखले आहेत त्यालाच ठाऊक असते, की गड शत्रूच्या हाती जाण्याआधी बरेचदा ओलीच्या हाती गेलेला असतो. मराठी गद्याचा हा एक निराळा धागा आहे. बखरीच्या आवेशाच्या बाजूला तो शांतपणे चालतो आणि पराक्रमाइतकीच टिकवण्याची भाषा बोलतो.

ही कामे करणाऱ्या हातांची नावे ग्रंथांत नाहीत, पण त्यांच्या धंद्याची खूण आडनावांत आणि समाजांच्या नावांत उरली आहे. शिकलगार या शब्दाच्या मुळाशी 'सैकल' म्हणजे लकाकी, घासून काढलेली चमक, हा शब्द आहे. हत्यारांना पाणी आणि धार देणारे, गंज उतरवणारे ते शिकलगार. हत्यारांचा काळ सरला तशा त्यांच्या हाताखाली विळ्या, कात्र्या आणि सुऱ्या आल्या. महाराष्ट्राच्या गावोगावी फिरत्या चाकावर धार लावणारे हात पाहिले, की आमच्या मनात येते, इतिहासाने तलवारीला नावे दिली, भवानी म्हटले, जगदंबा म्हटले. तिला लकाकी देणाऱ्याला मात्र केवळ धंद्याचे नाव दिले.

आता बीडकडे वळू. या जिल्ह्याच्या उत्तरेला गोदावरी, मध्ये बालाघाट, आणि त्या बालाघाटातच पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा. धारूरचा किल्ला याच डोंगरकडेला आहे. सोळाव्या शतकात, १५६७ च्या सुमारास, आदिलशाही सरदार किश्वरखान याने तो बळकट केला. पुढे तो निजामशाहीकडे आणि नंतर मोगलांकडे गेला. अशा किल्ल्याची तटबंदी आपण पाहतो, बुरूज मोजतो. पण त्या बुरुजांवरच्या तोफांना दर जूनपूर्वी कोणीतरी मेण दिले असले पाहिजे, ही गोष्ट दगडात दिसत नाही. ती आज्ञापत्रासारख्या ग्रंथाच्या मदतीने मनाशी जोडावी लागते.

गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तेथे पडला. पानिपतानंतर अवघ्या अडीच वर्षांनी आलेला हा विजय म्हणून आपण त्याकडे पाहतो, आणि तरुण पेशव्याने संकटात सापडलेल्या राघोबादादांना सोडवले हा त्यातला नाट्यमय प्रसंग म्हणून सांगतो. या लढाईत तारीखही बोलकी आहे. ऑगस्ट महिना, गोदावरीला पूर, निजामाची अर्धी फौज पलीकडच्या काठावर आणि अर्धी अलीकडे. नदीने फौजेचे दोन तुकडे केले, हे इतिहासकार सांगतातच. आम्ही एवढीच भर घालू, की जिथे नदी फौज अडवते तिथे हवाही दारूला अडवत असते. ओलसर हवेत कान्याजवळची रंजक सर्दावते, जळता तोडा विझतो, काजळी चिकट होते. भर पावसाळ्यात मोकळ्या मैदानावर लढणाऱ्या कोणत्याही फौजेला हा हिशेब चुकत नसे. त्या दिवशी कोणाच्या किती बंदुका चालल्या हे सांगण्याचा आमचा दावा नाही. पण भाला, तलवार आणि घोडा या काळात जुने झाले नव्हते ते का, याचे एक उत्तर ऑगस्टच्या त्या हवेत आहे. घोडदळ हा केवळ मराठी स्वभाव नव्हता. ज्या हत्याराला पावसात काना नसतो अशा हत्यारावरचा तो विश्वासही होता.

दुसरा प्रसंग खर्ड्याचा. खर्डा आज अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात आहे, पण बीडची सीमा तेथून हाकेच्या अंतरावर म्हणावी अशी आहे. निजाम अली बिदरहून मांजरेच्या काठाकाठाने आला, मोहरीचा घाट उतरला आणि ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांशी त्याची गाठ पडली. त्याच्या बाजूला फ्रेंच सेनानी रेमंड याने कवायत शिकवलेली पलटणे होती. नाना फडणीस आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या नेतृत्वाखाली मराठी सरदार अखेरचे एकत्र लढले ते येथे; म्हणून या लढाईवर बखर आहे, पोवाडे आहेत, आणि पाठ्यपुस्तकांत तिला मानाचे स्थान आहे.

पण खर्ड्याचा निकाल दिवसाच्या लढाईने जितका लागला तितकाच त्या रात्रीने लागला. ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात या रात्रीची हकीकत दिली आहे. संध्याकाळी निजामाची फौज मागे हटून थांबली होती. रात्री मराठ्यांची एक लहानशी टोळी घोड्यांना पाणी पाजण्यासाठी ओढ्याशी आली आणि तेथे विसावलेल्या मोगल शिपायांशी तिची अवचित गाठ पडली. त्यांनी बंदुका झाडल्या, जवळच्या पहाऱ्यांनीही झाडल्या, आणि मग रेमंडची सगळी रांगच्या रांग झोपेतून दचकून उठली व अंधारात समोर कोण हे न पाहता उठेल तसा बार करून मोकळी झाली. कारण दिवसा लढाईतून परतताना त्यांच्या बंदुका जशा भरलेल्या होत्या तशाच भरलेल्या अवस्थेत उशाशी होत्या. या गोंधळाने निजामाचा धीर सुटला, त्याने खर्ड्याच्या गढीचा आश्रय घेतला, फौज पांगली, आणि काही दिवसांतच तहाची बोलणी सुरू झाली.

हा उतारा आम्ही अनेक वर्षे रात्रीच्या घबराटीचे उदाहरण म्हणून वाचत होतो. ठासणीच्या बंदुकीचे काम समजून घेतल्यावर त्यातल्या एका तपशिलापाशी थांबलो. बंदुका भरलेल्याच का राहिल्या होत्या? मागून उघडणाऱ्या आजच्या बंदुकीतून काडतूस काढून घेता येते. ठासणीची बंदूक एकदा ठासली, की रिकामी करण्याची सोपी वाट एकच, ती म्हणजे उडवणे. दुसरी वाट म्हणजे गजाला मळसूत्र लावून चिंधी आणि गोळी आतून उपसणे. ते काम उजेडात, सवडीने आणि एकेका बंदुकीवर करावे लागते. हरलेल्या दिवसाच्या संध्याकाळी, शत्रू समोर असताना, रिकामी बंदूक उशाशी घेऊन झोपण्याची हिंमत कोणता शिपाई करील? आणि दिवसभराच्या काजळीने अरुंद झालेल्या नळीत पहाटे पुन्हा बार ठासता येईल याची खात्री तरी कोणाला होती? भरलेली बंदूक हा त्याचा धीर होता. तोच धीर रात्री सगळ्या फौजेवर उलटला. भित्रेपणाच्या किंवा दैवाच्या गोष्टीमागे हत्याराच्या रचनेची गोष्ट होती, हे आमच्या उशिरा लक्षात आले. बखरकाराला नियती दिसते तेथे कधीकधी एक न धुतलेली नळी असते.

येथवर गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा विचार झाला. पीळ पाडलेल्या नळीची, म्हणजे रायफलीची, कथा याहून बिकट आहे. नळीच्या आत नागमोडी खाचा असल्या की गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि नेम लांबवर टिकतो. पण त्यासाठी गोळी खाचांना घट्ट भिडली पाहिजे, आणि घट्ट गोळी तोंडाकडून ठासायची म्हणजे कष्टाचे काम. काजळी खाचांत भरली की ते कष्ट दुप्पट होतात. म्हणून शतकानुशतके रायफल ही शिकाऱ्याची राहिली, पलटणीची झाली नाही. १८४९ मध्ये मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने यावर तोड काढली. गोळी नळीहून थोडी बारीक, आणि तिचा तळ पोकळ. ती सहज खाली उतरते, आणि दारू पेटताच तळ फुलून खाचांत बसतो. १८५३ ची एनफील्ड रायफल याच कल्पनेवर उभी होती. गोळी आणि दारू कागदाच्या काडतुसात बांधलेली असे, आणि गोळीकडच्या कागदाला चरबी व मेण यांचा लेप असे. तो लेप कशासाठी? गोळी सुखाने उतरावी आणि काजळी मऊ राहावी यासाठी. म्हणजे ज्या काडतुसाने १८५७ चा वणवा पेटला, ती चरबी म्हणजे मुळात बंदूक सहज भरता यावी म्हणून शोधलेली निगेचीच एक युक्ती होती.

पुढचे आपणांस ठाऊक आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत डमडमच्या छावणीतून गाय आणि डुक्कर यांच्या चरबीची वार्ता पसरली. शिपायांनी आपल्या पसंतीचे तूप-मेण स्वतः लावावे अशी मुभा सरकारने दिली, पण तोवर विश्वास उडाला होता. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले असता वाटेत महूच्या आसपास त्यांच्या कानी काडतुसांची हकीकत आली, आणि ती 'माझा प्रवास'मध्ये नोंदली गेली. मराठी आत्मपर गद्याच्या आरंभीच्या एका थोर पुस्तकात बंदुकीच्या वंगणाचा विषय असा शिरला आहे. आपण तो धर्म आणि राज्य यांचा विषय म्हणून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. मात्र त्याखाली एक तांत्रिक थर आहे. हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात चरबी वितळून कागदात जिरे, लेप उरत नसे, आणि त्या धामधुमीत गोऱ्या पलटणींनाही ही रायफल भरणे अवघड जाऊ लागले. पुढे गोळीचा व्यास कमी करण्यात आला. विलायतेच्या हवेत ठरवलेली निगा दख्खन आणि हिंदुस्थानच्या हवेत टिकली नाही. जी गोष्ट आज्ञापत्राच्या लेखकाला सह्याद्रीच्या पावसाबद्दल ठाऊक होती, ती या साम्राज्याला येथल्या उन्हाबद्दल ठाऊक नव्हती.

या कथेत बीडही येते. अंबाजोगाई म्हटले की आपणांस विवेकसिंधूकार मुकुंदराज आठवतात, पासोडीवर लिहिणारे दासोपंत आठवतात. निजामी अमलात याच गावाचे नाव मोमिनाबाद होते आणि तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. जून १८५७ मध्ये मोमिनाबादेहून औरंगाबादेस हलवलेल्या पहिल्या रिसाल्यात बंडाळी झाली. तिचे कारण काडतूस नव्हते. आपल्याला दिल्लीच्या बादशहावर चालून जावे लागेल ही शंका होती. हा भेद ठेवला पाहिजे, नाहीतर १८५७ चे प्रत्येक पान आपण एकाच काडतुसात गुंडाळून टाकतो.

उठावानंतर सरकारने जो धडा घेतला तो बोलका आहे. देशी पलटणींसाठी अशा बंदुका काढल्या, की ज्या बाहेरून एनफील्डसारख्या दिसत, पण नळी आतून गुळगुळीत होती, खाचा नव्हत्या. म्हणजे बंदुकीच्या आतल्या अंगावरून राजा आणि रयत ठरू लागली. नळीच्या आत पाहण्याचे काम ज्याचे, त्या साफ करणाऱ्या शिपायाला हा अपमान रोज सकाळी गजाच्या टोकाला जाणवत असेल. आम्हांला वसाहतवादाचे एवढे नेमके रूपक दुसरे आढळलेले नाही, आणि ते कोणा कवीने रचलेले नाही.

१८६० च्या दशकात मागून भरण्याच्या बंदुका आल्या, जुन्या एनफील्डही तशाच बदलून घेतल्या गेल्या, आणि ठासणीची बंदूक फौजेतून उतरून शेताच्या बांधावर आली. तेथे तिला कायद्याची मान्यताही आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील परवान्यांच्या कलमात पीकरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात, १९५६ पासून मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात; राज्ये बदलली, आणि ज्या हत्याराने खर्ड्याची रात्र घडवली त्याचाच वंशज कायद्याच्या पुस्तकात शेतकऱ्याचा राखणदार म्हणून उरला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंधने घातली. पाटोदा तालुक्यातच नायगावचे मयूर अभयारण्य आहे. त्यामुळे आज या बंदुकीचे काम मारण्याचे फारसे नाहीच. आवाज करून रानडुकरे हुसकावण्याचे अधिक.

आणि बार हा शब्द बीडच्या मातीत आणखी एका ठिकाणी जिवंत आहे: विहिरीत. या अवर्षणाच्या मुलखात काळ्या पाषाणातून पाणी काढायचे तर खडकाला भोक पाडायचे, त्यात दारू भरायची, वरून ठासायचे आणि बार उडवायचा. तेथेही न उडालेला बार हाच सर्वांत भयंकर असतो, आणि तेथेही जाणता माणूस घाई करीत नाही. बंदुकीच्या नळीतले शब्द खडकाच्या भोकात गेले आणि तेथून पाणी लागले, ही भाषेची वाटचाल आम्हांला मोठी समाधानाची वाटते.

या सगळ्यातून साहित्याच्या अभ्यासकाने काय घ्यावे? आम्ही दोनच गोष्टी सुचवतो. पहिली अशी, की शब्दाचा अर्थ सांगून थांबू नये. तो शब्द ज्या वस्तूच्या वापरातून आला त्या वस्तूचे काम समजून घ्यावे. 'ठासून' या शब्दातली खूण आणि 'फुसका बार' या शब्दातला बुजलेला काना समजला, की बखरीतले वाक्य निराळे वाचले जाते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपल्या वाङ्मयेतिहासातही आपण बारच मोजत आलो आहोत: कोणते पुस्तक गाजले, कोणता वाद पेटला, कोणत्या पिढीने कोणावर तोफ डागली. पोथ्या उन्हात देणारे, वाळवी झाडणारे, पाठभेद जुळवणारे, दासोपंतांची पासोडी शतकानुशतके जपणारे हात त्या हिशेबात येत नाहीत. त्यांची गणती व्हावी यासाठी कोणाचा गौरव कमी करण्याची गरज नाही. प्रत्येक बारानंतर नळीत काजळी उरते, आणि ती कोणीतरी धुतल्याशिवाय पुढचा बार भरता येत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ आहे.